धोबीतलावाला तलाव कुठे आहे?

जुना गिरगावकर (रविवार, रात्री ९.१०)

मे महिन्याच्या सुटीत सोलापूरहून भाची आली होती. वय नऊ वर्षे आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागण्याची खोड. चर्चगेटला उतरताच तिने गेट पाहायचे आहे असे जाहीर केले. मी तिला समजावून सांगितले की मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते आणि त्यांतला एक सेंट थॉमस चर्चच्या वाटेवर होता, म्हणून त्याला चर्चगेट म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली गेली, तेव्हा अपोलो गेट आणि बझार गेट यांच्याबरोबर हाही दरवाजा गेला. त्यावर तिने स्टेशन कधी झाले ते विचारले. १८७० मध्ये, असे मी म्हणालो आणि तेथेच फसलो. "म्हणजे गेट पाडून टाकल्यावर स्टेशनाला गेटचे नाव ठेवले?" या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

आम्ही चालत मरीन लाइन्सला आलो. मरीन बटालियनच्या बराकी तेथे होत्या आणि आता नाहीत, हे तिने मोठ्या मनाने ऐकून घेतले. धोबीतलावावर मात्र तिचा धीर सुटला. तलाव नाही, धोबीही नाहीत. आहे तो सिग्नल. ज्या फ्रामजी कावसजींनी त्या तलावाच्या दुरुस्तीसाठी पदरचे पैसे घातले, त्यांच्या नावाची संस्था तेथे उभी आहे हे मी दाखवले, पण इमारतीत पाय बुडवता येत नाहीत. "मामा, तुमच्या गावातल्या पाट्या खोट्या आहेत," असा निकाल देऊन ती इराण्याकडे बनमस्का खायला बसली, आणि मला हा धागा सुचला.

अशी मुंबईतली नावे येथे लिहावीत. अट एकच आहे. वस्तू गेलेली असावी आणि नाव चालू असावे; चालू म्हणजे टॅक्सीवाल्याला सांगितल्यावर त्याने पुढचा प्रश्न न विचारता मीटर टाकावा.

माझगावची पाखाडी (रविवार, रात्री १०.०२)

पायधुणी. तेथे आज पाय धुवायला जागा शोधली तर फार तर एखाद्या दुकानदाराची बाटली मिळेल. पण मुंबई ही सलग जमीन नव्हती, तेव्हा वरळीकडच्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून मधला सखल भाग बुडवीत असे. ओहोटीला तो चिखल तुडवून मुंबईच्या मुख्य बेटावर पोचलेला माणूस गावात शिरण्याआधी जेथे पाय धुवत असे, ती पायधुणी. अठराव्या शतकात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना ते खिंडार बांध घालून बुजवले गेले आणि पाय कोरडे झाले. त्या बांधाला हॉर्नबी वेलार्ड म्हणत. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीजांच्या बांधावरून इंग्रजांनी उचललेला आहे. म्हणजे पाहा, बांधाचे नाव आता कोणाच्याही तोंडी नाही, आणि त्याने जे पाणी हटवले त्या पाण्याचे नाव मात्र रोज शेकडो लोक घेतात.

जवळच उमरखाडी आहे. उंबर एखादा सापडेल, पण खाडी कोठून आणायची?

बाराखडी (रविवार, रात्री १०.४०)

भेंडीबाजाराविषयी होणारा गैरसमज आधीच दूर करून ठेवतो, कारण कोणीतरी तो येथे नक्की घेऊन येईल. इंग्रज साहेब त्या भागाला 'बाजाराच्या मागे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी ओळखत आणि त्याचा अपभ्रंश होऊन भेंडीबाजार झाला, ही गोष्ट चहाबरोबर चांगली लागते. तेथे भाजीची भेंडी विकत असत, हीही दुसरी तशीच. तो भेंडी नावाच्या वृक्षांवरून पडलेला शब्द आहे. किनारपट्टीवर वाढणारे, पिवळ्या फुलांचे ते झाड कोकणात अजूनही भेंड म्हणून ओळखले जाते. झाडे गेली, नाव राहिले. अट पूर्ण होते.

माझे तत्त्व म्हणून एक सांगून ठेवतो: नावाने वस्तूच्या मागे जावे. वस्तू हलली की नाव हलले पाहिजे. नाहीतर पत्त्याला अर्थ राहत नाही.

जुना गिरगावकर (रविवार, रात्री १०.५५)

बाराखडीसाहेब, तुमचे तत्त्व लागू केले तर निम्म्या मुंबईला पत्ताच उरणार नाही. पण झाड मान्य आहे.

ट्रामवाल्याचा नातू (सोमवार, सकाळी ७.२५)

मी रोज दादर टीटीला बस पकडतो. मागच्या महिन्यात एका तरुण वाहकाला सहज विचारले की टीटी म्हणजे काय. त्याने क्षणभर विचार केला आणि येथे पूर्वी रेल्वेचे टीटी बसत असतील असे सांगितले. त्याचा दोष नाही. त्याच्या वडिलांनीही बहुधा ट्राम पाहिलेली नसेल.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत असत. पहिल्या दोन मार्गांपैकी एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे त्याच पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते. पाखाडीताई, तुमच्या पायधुणीला एके काळी चिखल तुडवून यावे लागे, त्यानंतर तीन आण्यांत बसून येता येऊ लागले. माझ्या मते मुंबईच्या प्रगतीचा याहून सोपा हिशेब नाही. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

आजोबा त्या शेवटच्या गाडीवर नव्हते, पण पाहायला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक गोळा झाले होते असे ते सांगत. नवल मला पुढच्या गोष्टीचे वाटते. रूळ उखडले गेले, तारा उतरल्या, टर्मिनस गेले, चौकाला खोदादाद सर्कल हे नाव आहेच, तरीही साठ वर्षे दादर पूर्वेला उतरणारा माणूस टीटीच म्हणतो. ज्या गाडीने त्या जागेला नाव दिले, तिच्यापेक्षा ती दोन अक्षरे जास्त टिकाऊ निघाली.

तुम्ही लिहिलेल्या अटीत बोरीबंदरही बसते. १६ एप्रिल १८५३ रोजी तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची पहिली गाडी ठाण्याला निघाली ती तेथूनच. भरावामुळे समुद्र इतका लांब गेला की बंदर म्हटल्यावर आज कोणी तिकडे मान वळवूनही पाहत नाही. अर्थात बोरीबंदर म्हणणारे आता थोडे उरले आहेत. बहुतेकजण व्हीटी म्हणतात, आणि ती व्हिक्टोरियाही १९९६ मध्येच पाटीवरून उतरली आहे.

पेडण्याची लेक (सोमवार, दुपारी १.१५)

मी लग्न होऊन गोव्याहून दादरला आले, त्याला आता बावीस वर्षे झाली. पहिल्यांदा गिरगावात एका नातेवाइकांकडे गेले तेव्हा त्यांनी पत्ता दिला होता तो मुगभाटातला, आणि मी मनातून हरखून गेले. मला वाटले, मुंबईत एवढ्या दाटीत यांचे भाट आहे म्हणजे केवढी श्रीमंत माणसे असतील. आमच्याकडे भाट म्हणजे माड, आंबा, फणस यांची बाग. भाटाचा मालक तो भाटकार. जाऊन पाहते तो तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरीत तुळस.

नंतर लक्षात आले की मुगभाट आणि बोरभाट ही नावे गिरगावात शेतीवाडी होती तेव्हाची आहेत. मुंबईकरांना भाट म्हटले की स्तुतिपाठक आठवतो, आणि म्हणून गल्लीच्या नावाचा अर्थ लावताना त्यांची तारांबळ उडते. एका गृहस्थांनी मला तेथे पूर्वी मूग खाणारे भाट राहत असत असे गंभीरपणे सांगितले होते. आमच्याकडे हा शब्द रोजच्या वापरात आहे. तुमच्याकडे तो पाटीवर आहे, पण त्याच्याशी कोणी बोलत नाही.

जुना गिरगावकर (सोमवार, दुपारी २.००)

ताई, मी त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर वाढलो आणि मूग खाणारे भाट मीही लहानपणी ऐकले आहेत. साठ वर्षांनी आज अर्थ कळला. शेजारच्या फणसवाडीत फणस नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण मुगभाटात भाट नाही हे कळण्यासाठी आधी भाट म्हणजे काय ते कळायला हवे होते.

माझगावची पाखाडी (सोमवार, दुपारी २.३०)

याच न्यायाने भायखळ्यातले खळे घ्या. धान्य मळायचे खळे माझ्या शाळेतल्या एकाही मुलाने पाहिलेले नाही. चिंचपोकळीतली पोकळी म्हणजे सखल भाग, चिंचांचा. आणि माझे टोपणनाव ज्या माथारपाखाडीवरून घेतले आहे, तिच्यातल्या पाखाडीचा अर्थ कोकणातले लोक सांगतील: दगड बसवून केलेली पायवाट. आमच्याकडे आता पेव्हर ब्लॉक आहेत.

बाराखडी (सोमवार, सायंकाळी ६.१०)

चर्नी रोडचे काय करायचे? एक मत असे की तेथे गुरांच्या चरणीची जागा होती. इंग्रजांनी चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये २०,००० रुपयांना ठाकुरद्वारजवळची जमीन घेऊन गुरांना मोकळी करून दिली, अशी हकीकत सांगतात. दुसरे मत असे की ठाण्याच्या चेंदणी गावातून आलेल्या लोकांनी आपल्या गावाचे नाव येथे आणले. पहिल्या मताने गुरे गेली, दुसऱ्या मताने गावच येथे कधी नव्हते. दोन्हींत वस्तू नाही, तेव्हा निर्णय न करताही नोंद करता येईल.

शीवकर (सोमवार, रात्री ८.४५)

आमच्या स्टेशनावर इंग्रजीत जे लिहिले आहे ते वाचून बाहेरगावचे पाहुणे बायबलमधला डोंगर विचारतात. मराठी पाटी वाचली तर उत्तर तेथेच आहे. शीव म्हणजे गावाची सीमा. शिवार हा शब्द त्याच घराण्यातला. मुंबईचे बेट येथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती. साष्टी हे नावही सहासष्ट गावांवरून आले आहे. पोर्तुगीज, नंतर १७३९ पासून मराठे, असे दुसरे राज्य त्या बाजूला होते, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला शीवचा किल्ला अजून टेकडीवर आहे.

पुढे १९५० मध्ये आणि १९५७ मध्ये शहराची हद्द वाढत वाढत मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. म्हणजे आज आम्ही शिवेवर राहतो आणि घरातून निघून गाडीने पाऊण तास उत्तरेला गेलो तरी मुंबईतच असतो. तुमच्या अटीप्रमाणे गेलेली वस्तू ही दगडाची किंवा पाण्याची असलीच पाहिजे का? माझी तर एक आख्खी सीमा गेली आहे.

जुना गिरगावकर (सोमवार, रात्री ९.०५)

सीमा स्वीकारली आहे. आतापर्यंतच्या नोंदींत तीच सर्वांत मोठी.

माटुंगेकर (मंगळवार, सकाळी ९.२०)

माटुंगा हे नाव मातंगांवरून, म्हणजे हत्तींवरून पडले. राजा भीमदेवाची हत्तीशाळा तेथे होती. हत्ती गेले, नाव आहे.

बाराखडी (मंगळवार, सकाळी ९.२६)

हत्तीशाळेचा पुरावा?

माटुंगेकर (मंगळवार, सकाळी ९.३१)

माझ्या आजीने सांगितले होते.

जुना गिरगावकर (मंगळवार, सकाळी १०.००)

आजीचा मान राखून नोंद बाजूला ठेवतो. मुंबईत हत्तीवरून पडलेले एक पक्के नाव आहे, ते कोणी लिहील का?

भायखळ्याचा शेजारी (मंगळवार, रात्री ११.४०)

मी लिहितो, आणि एकावर एक फुकट अशा हिशेबाने लिहितो, कारण हा प्राणी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो.

घारापुरीच्या किनाऱ्यावर दगडात कोरलेला एक भला मोठा हत्ती होता. पोर्तुगीजांनी तो पाहून बेटाला एलिफंटा म्हटले आणि ते नाव जगभर गेले. इंग्रजांना हा हत्ती विलायतेला न्यायचा होता. १८६४ मध्ये त्याला उचलण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत राहिले, १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला, आणि तेव्हापासून तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. गेटवेवरून लाँचने तासभर समुद्र कापून पर्यटक एलिफंटाला जातात आणि परत येतात. ज्या हत्तीमुळे ते नाव पडले, तो भायखळ्याला बेस्टच्या बसने गेले तरी भेटतो.

आता दुसरा. काळा घोडा या नावाने दरवर्षी उत्सव होतो, तेथील उपाहारगृहांसमोर रांगा लागतात, आणि त्या घोड्यावर कोण बसला होता असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. सातवा एडवर्ड युवराज असताना १८७५ मध्ये मुंबईला आला होता. त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. आपल्या लोकांनी राजाकडे दुर्लक्ष करून घोड्याचे नाव चौकाला दिले, ही गोष्ट मला फार आवडते. पुढे १९६५ मध्ये पुतळा हलवला गेला. कोठे? राणीच्या बागेत. हत्तीच्या शेजारी म्हणावे इतक्या अंतरावर.

१९६५ नंतर बावन्न वर्षे काळा घोडा चौकात घोडा नव्हता आणि कोणाचे काही अडले नाही. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. जनतेने दीडशे वर्षांपूर्वी तोंडी केलेली दुरुस्ती शेवटी शिल्पकारानेही केली, असे म्हणता येईल.

राणीच्या बागेचे नावही पाटीवर आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि संग्रहालयाला १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट ही दोन नावे होती. तेव्हा मुंबईच्या नावांतून निसटलेली जनावरे ज्या बागेत ठेवली आहेत, त्या बागेच्या नावातली राणीसुद्धा बदललेली आहे.

माटुंगेकर (बुधवार, सकाळी ८.०५)

म्हणजे हत्ती होताच.

पेडण्याची लेक (बुधवार, दुपारी १२.४०)

मला उलटा प्रकार सुचतो आहे. वस्तू जागेवर आहे, पण नावावरून भलतीच वस्तू डोळ्यांसमोर येते. हार्बरने उतरताना मस्जिद स्टेशन लागते. माझ्या सासूबाई सांगतात की ते नाव जवळच्या ज्यू प्रार्थनामंदिरावरून पडले आहे. हे खरे का?

माझगावची पाखाडी (बुधवार, दुपारी १.३०)

सासूबाई म्हणतात तेच आम्हीही ऐकत आलो आहोत. सॅम्युएल स्ट्रीटवरचे 'शार हारहमीम' हे प्रार्थनामंदिर १७९६ चे आहे आणि मुंबईतले ते सर्वांत जुने. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधले. घरात त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. ते कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले, अशी त्यांच्या समाजातली आठवण आहे. बेने इस्राएल मंडळी कोकणातली, मराठी बोलणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून गावोगाव शनवार तेली या नावाने ओळखली जाणारी. प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत आणि या वास्तूला जुनी मशीद. आडनावातले दिवे हे दिवेआगरचे, तेव्हा तेवढ्या भागाचा प्रवास तरी स्पष्ट आहे.

तुमच्या अटीत हे बसत नाही हे मला कळते. इमारत उभी आहे आणि शब्दही उभा आहे. मधला अर्थ तेवढा सरकला आहे.

जुना गिरगावकर (बुधवार, रात्री ९.३०)

अट मीच घातली होती, तेव्हा मीच सैल करतो.

भाचीला फोनवर हे सगळे वाचून दाखवले. हत्तीची गोष्ट तिने दोनदा ऐकली. पाट्या खोट्या आहेत हे मत तिने बदललेले नाही, पण दिवाळीत पुन्हा येणार आहे आणि तेव्हा तिला हत्ती दाखवायचा आहे. त्याआधी आपणच एक फेरी मारावी असे सुचवतो. येत्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता काळ्या घोड्याजवळ जमू. तेथून सेंट थॉमसला जाऊ, कारण मुंबईतले जुने मैलाचे दगड त्या चर्चपासून अंतर मोजत असत आणि त्यांतले काही, रोमन आकडे कोरलेले, अजून रस्त्याकडेला उभे आहेत. मग चर्चगेटच्या नसलेल्या दारातून बाहेर पडून धोबीतलाव, मुगभाट आणि जमले तर पायधुणी. चप्पल चालायची घालावी. पाय धुण्याची सोय होणार नाही.

ट्रामवाल्याचा नातू (बुधवार, रात्री ९.५०)

मी येतो. ट्रामने.

शीवकर (गुरुवार, सकाळी ७.१५)

मीही. सीमा ओलांडून यावे लागेल, तेव्हा दहा मिनिटे उशीर गृहीत धरावा.

बाराखडी (रविवार, सकाळी १०.५०)

मी सव्वादहापासून काळ्या घोड्याजवळ उभा आहे. आत येण्यासाठी तिकीट काढावे लागले, तरीही आलो. सातवा एडवर्ड जागेवर आहे, हत्तीही पाहून झाला, आणि एका शाळेच्या सहलीने मला मार्गदर्शक समजून दोन प्रश्न विचारले आहेत. तुमच्यापैकी एकही जण अजून दिसत नाही. कोठे आहात?